ड्रायरला कपडे वाळवायला फार वेळ लागत असेल तर

मराठवाड्यात वर्षातले बहुतेक महिने कपडे वाळवणे हा विचार करण्याचा विषयच नसतो. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या दोरीवर टाकलेला जाड टॉवेलसुद्धा पाहता पाहता कडक होतो. मात्र श्रावणात झड लागली, चार-चार दिवस ऊन पडले नाही आणि घरात तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस असले, की हीच साधी गोष्ट रोजची काळजी होऊन बसते. लातुरात शिकवणीसाठी बाहेरगावाहून येऊन राहिलेल्या मुलामुलींचे कपडे धुऊन देण्याचे काम मी करते. आमच्याकडे दोन ड्रायर आहेत आणि ते रेंगाळतात ते नेमके पावसाळ्यात, म्हणजे त्यांच्याशिवाय काम अडते तेव्हाच. म्हणून तासा-दीड तासाचे काम तीन तासांवर गेले तर काय काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी एक समजूत बाजूला ठेवावी लागेल. ड्रायर उष्णतेने कपडे वाळवतो, हे अर्धेच खरे आहे. उष्णता पाण्याची वाफ करते, पण ती वाफ कपड्यांतून, मग यंत्रातून आणि शेवटी खोलीतून बाहेर नेण्याचे काम हवेचे असते. हवेची वाट अडली, की हीटर कितीही चांगला असला तरी कपडे कोमट आणि दमटच राहतात. वेळ वाढल्याबरोबर ‘हीटर गेला’ असा निष्कर्ष काढून खर्चात पडण्याआधी हवेची वाट शोधावी, एवढे मी आग्रहाने सांगेन.

आपल्याकडे ‘ड्रायर’ हा शब्द दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरतात, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याला फोन करताना पुष्कळदा गोंधळ होतो. सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधल्या लहान टबालाही आपण ड्रायर म्हणतो. तो कपडे वाळवत नाही, वेगाने फिरवून पिळून काढतो. त्यातून कपडे ओलेगच्च निघत असतील, तर कपडे एका बाजूला दाटलेले आहेत का, वरची जाळीदार चकती नीट दाबून बसवली आहे का आणि पाणी जाणारा पाइप दुमडलेला किंवा वर उचललेला आहे का, हे पाहावे. पाइप उंचावर अडकवला की पाणी टबाखाली साचते आणि टब त्या पाण्यात फिरत राहतो. टब आणि बाहेरचे भांडे यांच्या फटीत एखादा मोजा किंवा हातरुमाल गेलेला असणे हेही नेहमीचेच. मोटर नुसती घुमत असेल आणि वेग धरायला वेळ लावत असेल, तर बहुधा कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरू होताना जोर देणारा भाग, कमजोर झालेला असतो. तो भाग महाग नाही, परंतु प्लग काढल्यावरही त्यात विजेचा भार शिल्लक राहत असल्यामुळे माहीतगार माणसाकडूनच बदलून घ्यावा. यापुढचे विवेचन मात्र गरम हवेने कपडे वाळवणाऱ्या ड्रायरचे आहे.

किती वेळ लागणे योग्य?

‘फार वेळ लागतो’ ही तक्रार खरी आहे की नाही, हे आधी मोजून पाहावे. १ किलो पाण्याची वाफ करायला साधारण ०.६७ युनिट इतकी उष्णता लागते आणि साध्या हीटरच्या ड्रायरला ती सगळी विजेतूनच द्यावी लागते. समजा, ४ किलो कोरडे सुती कपडे धुऊन, पिळून ६.४ किलो भरले. म्हणजे २.४ किलो पाणी काढायचे आहे आणि त्यासाठी १.६ युनिट खर्च होणार आहेत. २००० वॅटचा हीटर असेल, तर काहीही वाया गेले नाही असे धरूनसुद्धा ४८ मिनिटे लागतात. ड्रम तापण्यात आणि बाहेर जाणाऱ्या हवेबरोबर काही उष्णता जातेच, त्यामुळे प्रत्यक्षात सव्वा ते दीड तास लागला तर यंत्रात कोणताही दोष नाही. दोन तासांच्या पुढे गेले तर शोध घ्यावा.

हा शोध घेण्याचे सर्वांत विश्वासू साधन म्हणजे हुकाला लटकवण्याचा वजनकाटा. कपडे चादरीच्या गाठोड्यात बांधून कोरडे असताना, पिळल्यानंतर आणि ड्रायर सुरू करून ४० मिनिटांनी, असे तीनदा वजन करावे आणि चादरीचे वजन दर वेळी वजा करावे. पहिली दहा मिनिटे तापण्यात जातात. पुढच्या अर्ध्या तासात २००० वॅटच्या ड्रायरने पाऊण ते एक किलो पाणी काढले, तर तो ठीक आहे आणि उशिराचे कारण बहुधा कपडे फार ओले येत असल्याचे आहे. ४० मिनिटांत जेमतेम पाव किलो घटले, तर दोष ड्रायरकडे, त्याच्या पाइपाकडे किंवा विजेच्या दाबाकडे आहे. मशीनचे झाकण उघडण्याआधीच निम्मा निवाडा असा होतो.

कपडे ड्रायरमध्ये जाण्याआधी

पिळण्याचा वेग मिनिटाला ८०० फेरे असेल, तर दर किलो सुती कपड्यांत साधारण ७०० ग्रॅम पाणी राहते. १४०० फेऱ्यांना ते ५०० ग्रॅमच्या आसपास येते. ४ किलोंच्या खेपेत हा फरक ८०० ग्रॅमचा होतो आणि तेवढे पाणी हीटरने काढायला किमान १६ मिनिटे जातात. मोटर जे पाणी थोड्या विजेत काढते, तेच काढायला हीटर कितीतरी जास्त वीज खातो; म्हणून कपड्यांना सोसेल तेवढा जास्तीत जास्त वेग निवडावा. शिवाय, आत एकच जड ब्लँकेट असले आणि तोल साधला नाही, तर वॉशिंग मशीन स्वतःच वेग कमी ठेवते आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. त्याच्या सोबत दोन-तीन टॉवेल टाकले की तोल साधतो. पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाची खालची गाळणीही महिन्यातून एकदा काढून पाहावी. नाणी, पिना आणि धाग्यांचे गुंते तिच्यात हमखास सापडतात.

मग येतो भरण्याचा प्रश्न. धुणे आणि वाळवणे एकाच ड्रममध्ये करणाऱ्या मशीनवर धुण्याची क्षमता ८ किलो लिहिलेली असली, तरी वाळवण्याची क्षमता त्याहून बरीच कमी असते आणि ती माहितीपुस्तिकेत स्वतंत्रपणे दिलेली असते. धुतलेले सगळे कपडे तसेच वाळायला ठेवले, तर ते ड्रममध्ये उलटेपालटे होत नाहीत. एका गठ्ठ्यात फिरतात आणि गठ्ठ्याच्या आत हवा पोहोचत नाही. याउलट एखाद-दुसराच कपडा टाकला तर तो ड्रमच्या कडेला चिकटून राहतो, तेही बरे नव्हे.

कापूस आणि पॉलिएस्टर एकत्र वाळवू नयेत. सामान्य हवेत ठेवलेला कोरडा कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओल धरून असतो, तर पॉलिएस्टर ०.४ टक्के. याचा अर्थ, शाळेच्या गणवेशाची पॅन्ट केव्हाच वाळलेली असते आणि तिच्यासोबतची जीन व टॉवेल अजून ओलेच असतात. कमरपट्ट्याची जाड शिवण तर सर्वांत शेवटी वाळते. आम्ही टॉवेल आणि जीनची वेगळी खेप करतो, त्यामुळे दिवसाचा एकूण वेळ बराच वाचतो. सोलापुरी चादर एकटीच घालावी आणि अर्ध्या वेळानंतर ड्रायर थांबवून तिचा झालेला गोळा हाताने सोडवून द्यावा. गोळ्याच्या पोटात बाकीचे कपडे अडकले, तर ते तीन तासांतही वाळणार नाहीत. पैठणी, हिमरू शाल आणि हाताने शिवलेली वाकळ यांना ड्रायरमध्ये मुळीच घालू नये, पाऊस कितीही असो.

हवेची वाट

आता मुख्य भाग. ड्रायरच्या दारात किंवा दाराखाली एक जाळी असते, तिच्यावर कपड्यांचे तंतू जमतात. प्रत्येक खेपेनंतर हा थर काढायचा असतो, आठवड्यातून एकदा नव्हे. टॉवेलच्या खेपेनंतर जाळीच्या एका कडेला बोट लावून हलकेच गुंडाळत गेले, तर सगळा थर सलग निघून येतो आणि हातात सूत कातण्याचा पेळू असावा तसा मऊ, करड्या रंगाचा गुंडाळा राहतो. तो अखेर कापूसच असतो आणि कापसासारखाच पेटतो, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. त्यामुळे ही साफसफाई वेळेइतकीच सुरक्षिततेचीही आहे.

मात्र डोळ्यांना स्वच्छ दिसणारी जाळीसुद्धा बंद असू शकते. कपडे मऊ राहावेत म्हणून वापरलेल्या द्रवाचा पातळ थर तिच्यावर बसतो, आणि बोअरचे पाणी जड असेल तर त्यातल्या क्षारांचाही. जाळी नळाखाली आडवी धरून तिच्यावर पाणी ओतावे. पाणी सरळ गळून गेले तर जाळी चांगली आहे. वाटीत साचावे तसे वर थांबले, तर हवाही तशीच थांबत असणार. कोमट पाणी, थोडा साबण आणि जुना दात घासायचा ब्रश एवढ्यावर ती साफ होते. पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नये.

जाळीनंतरचा पाइप सहसा कोणी पाहत नाही, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळ तोच खातो. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात आमच्या एका ड्रायरची ८० मिनिटांची खेप वाढत वाढत पावणेतीन तासांवर गेली. बोलावलेल्या मेकॅनिकने दोन मिनिटे आवाज ऐकून हीटर बदलायला सांगितले. मी एक दिवस मागून घेतला आणि वजनाची चाचणी केली, तर ४० मिनिटांत २०० ग्रॅमसुद्धा घटले नव्हते. परंतु ड्रमचा पत्रा मात्र चांगला तापलेला होता. हीटर काम करत होता, याचा हा पुरावाच होता. मग मागच्या गॅलरीत जाऊन भिंतीबाहेरच्या पाइपाच्या तोंडाशी हात धरला. तेथे जोराचा गरम झोत लागायला हवा होता, त्याऐवजी झोपलेल्या मुलाच्या श्वासाइतकी हवा येत होती. तोंडावरच्या झडपेच्या बिजागरीत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते, त्यामुळे झडप बोटभरच उघडत होती. आत वळणावर ओले तंतू दबून दबून त्यांचा नमदा झाला होता, ओंजळभर निघाला. पाइप धुऊन, वाळवून बसवला आणि पुढची खेप ८० मिनिटांत उतरली. तोच हीटर आजही चालू आहे.

तेव्हापासून मी पाइपाकडे बारकाईने पाहते. हा पाइप साधारण ४ इंच व्यासाचा असतो आणि मशीन भिंतीला टेकवून ठेवले की मागे चेपून निम्मा होतो, म्हणून मागे वीतभर जागा सोडावी. तो शक्य तितका आखूड आणि सरळ असावा, प्रत्येक काटकोनी वळण हवेचा जोर कमी करते. घडीचा पाइप पूर्ण ताणून, लागेल तेवढाच ठेवून बाकीचा कापून टाकावा. मध्ये पोट सुटलेले असेल तर दमट हवेतले पाणी तेथे साचते आणि त्या डबक्यात तंतू चिकटतात. उतार बाहेरच्या दिशेने द्यावा. प्लॅस्टिकच्या पाइपापेक्षा धातूचा गुळगुळीत पाइप कधीही चांगला. चिमण्या-पाली येऊ नयेत म्हणून काही जण तोंडाला बारीक जाळी बांधतात, ती आठ-पंधरा दिवसांत तंतूंनी गच्च होते. तेथे उघडमीट करणारी झडपच हवी. उन्हाळ्यातल्या धुळीनंतर आणि सोयाबीनच्या मळणीचे भुसकट उडून गेल्यावर ही झडप हाताने हलवून पाहावी.

पाइपातच दोष आहे का, हे ठरवण्यासाठी पाइप सोडवून, खिडक्या उघड्या ठेवून ड्रायर १५ मिनिटे तसाच चालवून पाहावा. मागच्या तोंडातून जोराची हवा आली, तर दोष पाइपात आहे. तेथेही हवा मंद असेल, तर आतल्या पंख्यात तंतू किंवा एखादा मोजा अडकलेला असतो. गॅसवर चालणाऱ्या मोठ्या यंत्राचा पाइप मात्र असा काढून कधीही चालवू नये.

ड्रायर जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच खोलीतून आत घेतो, ही गोष्ट न्हाणीत किंवा जिन्याखालच्या कोंदट जागेत मशीन ठेवणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. दार-खिडकी बंद असेल तर त्याला नवी हवा मिळत नाही, आणि पाइप खोलीतच सोडलेला असेल तर स्वतःचीच वाफ तो पुन्हा ओढून घेतो. पावसाळ्यात बाहेरची हवा दमट असली तरी ड्रायरच्या वाफेने भरलेल्या खोलीपेक्षा ती पुष्कळ कोरडी असते, म्हणून खिडकी चार बोटे तरी उघडी ठेवावी.

पाइप नसलेले ड्रायर

काही ड्रायर हवा बाहेर फेकत नाहीत. आतच वाफ थंड करून तिचे पाणी करतात आणि ते टाकीत साठवतात. यांची टाकी दर खेपेला रिकामी करावी. वाफ थंड करणारा भाग बाहेर निघत असेल, तर तो महिन्यातून एकदा नळाखाली धुवावा. तो आतच पक्का बसवलेला असेल, तर त्याच्या पातळ पत्र्यांवरून मऊ ब्रश पत्र्यांच्याच दिशेने फिरवावा. आडवा फिरवला तर पत्रे दुमडतात. यांपैकी हीट पंपाचे, म्हणजे तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरणारे ड्रायर मुळातच कमी तापमानावर चालतात. त्यांना दोन ते तीन तास लागणे हा दोष नव्हे, वीज वाचवण्याची ती किंमत आहे.

धुणे-वाळवणे एकत्र करणाऱ्या काही मशीनमध्ये वाफ थंड करण्यासाठी नळाचे गार पाणी वापरले जाते, आणि आपल्या भागात ही बाब फार महत्त्वाची ठरते. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात धुणे झाल्यावर नळाची चावी बंद करण्याची सवय आपल्या हाडीमाशी भिनलेली आहे. ती चावी वाळवण्याच्या वेळीही बंद राहिली, तर अशा मशीनमध्ये वाफेचे पाणी होत नाही आणि कपडे तासन्‌तास ओलसर फिरत राहतात. उन्हाळ्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी चटका बसेल इतके तापते, त्या पाण्यानेही वाफ नीट थंड होत नाही. अशा दिवसांत वाळवण्याचे काम पहाटे करावे, किंवा खरे तर दोरीवरच करावे.

ड्रायर आपोआप थांबतो, पण कपडे दमट असतात आणि पुन्हा पुन्हा चालवावा लागतो, अशी तक्रार असेल तर ड्रमच्या तोंडाशी आत दिसणाऱ्या धातूच्या दोन पट्ट्या पाहाव्यात. ओले कपडे त्यांना लागले की यंत्राला ओल कळते. पट्ट्यांवर क्षारांचा किंवा मऊपणाच्या द्रवाचा थर बसला, की त्यांना ओले कपडेही कोरडे भासतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने त्या पुसून कोरड्या कराव्यात.

विजेचा दाब आणि हीटर

हीटरची ताकद विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला २००० वॅट देणारा हीटर १८० व्होल्टला केवळ १२२५ वॅटच्या आसपास देतो, म्हणजे तासाचे काम किमान एक तास अडतीस मिनिटांवर जाते. संध्याकाळी शेजारीपाजारी पाण्याच्या मोटारी चालू असताना हे हमखास घडते. कपडे रात्री लवकर वाळतात आणि संध्याकाळी रखडतात, असे लक्षात आले तर कारण येथेच आहे. ड्रायर नेहमी १६ अँपिअरच्या सॉकेटवर, स्वतंत्र जाड वायरीवर आणि चांगल्या अर्थिंगवर असावा. एक्स्टेंशन बोर्डावर चालवला तर दाब आणखी पडतो आणि बोर्ड तापून वितळतो. फ्रीजचा लहान स्टॅबिलायझर त्याला चालत नाही.

एवढे सगळे नीट असूनही वेळ लागत असेल, तेव्हाच हीटरकडे वळावे. ड्रायर रिकामा, पूर्ण उष्णतेवर दहा मिनिटे चालवून ड्रमच्या आत हात लावून पाहावा. अजिबात ऊब नसेल, तर हीटर किंवा अतितापमानात वीज तोडणारा थर्मल फ्यूज गेलेला असतो. दोन तारांच्या हीटरमधली एकच तार तुटली असेल, तर नुसते कोमट लागते. ड्रम संथ फिरत असेल किंवा थांबत असेल, तर पट्टा सैल झालेला असतो. दाराचे रबर किंवा ड्रमभोवतीची नमद्याची पट्टी झिजली असेल, तर हवा भलत्याच फटीतून जाते. ही कामे मेकॅनिकचीच आहेत, कारण मागचा पत्रा उघडल्यावर प्लग काढलेला असूनही कपॅसिटरचा धोका राहतो.

मेकॅनिकशी बोलताना मात्र एका बाबतीत ठाम राहावे. फ्यूज उडालेला सापडला आणि तो ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणाला, तर त्याला नकार द्यावा. तो फ्यूज सहसा हवा अडून आत अती ताप साचल्यामुळे उडतो. तो काढून तारा थेट जोडल्या, तर पुढच्या वेळी ताप थांबवणारे काहीच उरत नाही आणि आत तर कापसाचे तंतू भरलेले असतात. नवा, त्याच मापाचा फ्यूज बसवण्यापूर्वी जाळी, पंखा, पाइप आणि बाहेरची झडप आपल्यासमोर साफ करून घ्यावी. नाहीतर नवाही लवकरच जातो. काम झाल्यावर मेकॅनिक दारात असतानाच कपड्यांचे गाठोडे काट्याला लावावे, ४० मिनिटे त्याला चहाला थांबवावे आणि दुसऱ्यांदा वजन करूनच पैसे द्यावेत.